भाकरीचा व्हिडिओ

माझ्या आईचा एकही धड फोटो नाही. अल्बम आहेत घरात, लग्नांचे, घरभरणीचे, भाचीच्या वाढदिवसाचे. त्यात आई असते, पण अर्धी. कुणाच्या खांद्यामागून एक डोळा, दाराआड गेलेला पदर, नाहीतर पोट झाकायला पुढं धरलेलं कुणाचं तरी मूल. फोटोवाला "काकू, जरा पुढं या" म्हणाला की आईला नेमका स्वयंपाकघरातून काहीतरी करपल्याचा वास यायचा. आई जाड होती. तिच्या मते तेवढं कारण पुरेसं होतं.

मीही जाड आहे, पण लपणाऱ्यातली नाही. निदान आता नाही. पूर्णेला राहते, परभणीला एका कार्यालयात लिपिक आहे, सकाळच्या गाडीनं जाते, संध्याकाळच्या गाडीनं येते. लग्न झालेलं नाही. बघायला पुष्कळ जण येऊन गेले. "मुलगी जरा भरलेली आहे" इथपासून "थायरॉईड तपासून घ्या" इथपर्यंत सगळे सल्ले मला फुकट मिळाले. शेवटच्या पाहुण्यांनी पोहे खाल्ले, दुसरी प्लेट मागून घेतली, आणि हात धुऊन झाल्यावर माझ्या जाडीबद्दल काळजी व्यक्त केली. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. ते गेल्यावर मी फोन खिडकीत टेकवून ठेवला आणि कढईतले उरलेले पोहे खात म्हणाले, "मी जाड आहे. पोहे छान झालेत. पाहुणे गेलेत." एवढंच. तो व्हिडिओ तसाच नेटवर टाकून दिला.

आईनं ते पाहिलं तेव्हा तिला फक्त कढई दिसली. म्हणाली, "कढईतून खाऊ न्हाई माय, लग्नात पाऊस येतो." मी म्हणाले, आधी लग्न तरी येऊ दे. दोघी हसलो. ते हसणं मला अजून स्पष्ट आठवतं, कारण पुढं आम्ही दोघी एकत्र फार हसलो नाही.

तो व्हिडिओ बराच फिरला. मग मी दुसरा केला, तिसरा केला. मापाचा ड्रेस मिळत नाही त्यावर, ऑटोत "दोघींचं सीट धरलं" म्हणणाऱ्यावर, माझ्या काळ्या मानेवर, पोटावरच्या वळ्यांवर. मला बोलता येतं, आणि राग आल्यावर तर फारच बरं बोलता येतं. मुली लिहायला लागल्या. गंगाखेडची एक मुलगी कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा ओढणीशिवाय क्लासला गेली. जिंतूरच्या एका बाईंनी लग्नात मागून घेऊन दुसऱ्यांदा जिलेबी खाल्ली आणि मला तसं मुद्दाम कळवलं. हे हसण्यासारखं वाटेल, पण ज्यांनी आयुष्यभर पंगतीत "नको, पोट भरलं" म्हटलंय त्यांना विचारा. त्या मुलींमुळं मी ताठ झाले हे खरं आहे. ते काम खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

चुकलं ते पुढं.

आमच्या घराच्या मागं पत्र्याची एक शेड आहे, तिथं चूल. गॅसवरच्या भाकरीला चव नाही म्हणून आई ज्वारीची भाकरी चुलीवरच करायची, मे महिन्यातसुद्धा. पत्रा तापलेला, खाली जाळ. मग ती पदर काढून कमरेला खोचायची आणि नुसत्या ब्लाउजवर, घामानं निथळत, भाकऱ्या थापायची. हे फक्त माझ्यासमोर. भाऊ दोन गल्ल्या पलीकडं राहतो. त्याच्या चपलेचा आवाज आला तरी पदर खांद्यावर जायचा. वहिनीसमोरसुद्धा नाही. त्या शेडमध्ये आई आपलं अंग विसरलेली असायची. दंड हलायचे, पोट मांड्यांवर टेकलेलं असायचं, आणि तोंडानं गल्लीतल्या कुणाचं तरी गाऱ्हाणं चालू असायचं.

त्या रविवारी मी पिठाच्या डब्याला फोन टेकवला.

"काय करायलीस?" तिनं विचारलं.

"गाणं शोधायलेय," मी म्हणाले.

मला तेव्हा ती फार सुंदर वाटली होती. खरंच वाटली होती. व्हिडिओ टाकताना मी वर लिहिलं: या दंडांनी मुरूम ओढला, कापूस वेचला, आम्हाला भाकरी घातली, या शरीराची लाज कुणाला वाटते? माझ्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा तो जास्त चालला. दोन दिवस मी कार्यालयात टेबलाखाली फोन धरून लोकांचं लिहिलेलं वाचत होते. घरी आईला काही सांगितलं नाही. सांगू, सांगू म्हणत राहिले. तिला एकदम दाखवून चकित करायचं असं मी स्वतःला सांगत होते, पण आत कुठंतरी मला माहीत होतं की ती नको म्हणेल.

तिला कळलं ते ताडकळसच्या बाजारात. तिथं माझी मावशी असते. बाबा आता नाहीत, पण ते रेल्वेत लागून पूर्णेला यायच्या आधी आईबाबाही तिथंच, लोकांच्या रानात मजुरी करत. आई महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी जायची, बहिणीला भेटायची, मिरची आणायची. मिरचीवाल्या बाईनंच विचारलं, "काकू, त्या भाकरीवाल्या तुमीच का?" आणि फोन काढून दाखवला. बाजूच्या दोघीतिघी वाकल्या. मावशी सांगते, कुणी वाईट एक शब्द बोललं नाही. उलट कौतुकच करत होत्या, लय भारी दिसायलात म्हणत होत्या. आईनं भर बाजारात दुसऱ्याच्या फोनवर स्वतःला बिनपदराचं पाहिलं. तिनं दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला, मिरची न घेता, मावशीच्या घरी न जाता सरळ बस पकडली.

मी घरी आले तेव्हा ती पुढच्या खोलीत बसली होती, पिशवी रिकामी.

"त्यात माझा पदर न्हाई," ती म्हणाली.

मला लगेच समजलं, तरी मी वाद घातला. माझा तो स्वभाव आहे. मी म्हणाले, लोक काय लिहितात ते तर ऐक. आणि वाचून दाखवायला लागले. आई असावी तर अशी. या माउलीचे पाय धुवावेत. तिनं चारपाच ऐकून घेतले.

"चांगलं लिव्हलं म्हून का माझ्या अंगावर पदर आला?"

मी म्हणाले, आई, लाजण्यासारखं काय आहे त्यात? तेच तर मी सगळ्यांना सांगते.

"तुला तुझं अंग दाखवायचंय तं दाखव. म्या कधी अडवलं? माझं कामून दाखवलंस?"

वाचायचं थांबवून मी फोन मांडीवर पालथा ठेवला.

"काढून टाक," ती म्हणाली.

मी फोन घेऊन मागं गेले. काढून टाकायचं बटण होतं, आणि त्याच्या जरा वर लपवून ठेवायचं. लपवलं की कुणाला दिसत नाही, फक्त आपल्याला दिसतं. मी विचार केला, तिला काय, कुणाला दिसलं नाही म्हणजे झालं. आणि खरं सांगायचं तर मला ती सगळी कौतुकं टाकवेनात. आईपेक्षा ती कौतुकं मला मोठी वाटली, हे लिहिताना आज लाज वाटते. मी लपवलं.

"काढलंस?"

"काढलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले तर आई बाबांचा जुना शर्ट घालून भाकरी करत होती. लांब बाह्यांचा, निळा, मनगटापर्यंत बटणं लावलेला, साडीच्या वरून. आमच्याकडं रानात जाणाऱ्या बाया असा नवऱ्याचा नाहीतर भावाचा शर्ट घालतात, उन्हापासून आणि ज्वारीच्या पात्यांपासून अंग वाचावं म्हणून. लहानपणी मी आईला तसं पाहिलं होतं. पण रान सुटून तिला किती वर्षं झाली होती. आणि ही काही रानात चाललेली नव्हती. घरात होती, चुलीपुढं, माझ्यासमोर.

"उकडतंय की गं," मी म्हणाले.

"सवय हाय."

तेवढंच. रागावली नाही, अबोला धरला नाही, जेवायला वाढलं, डबा भरून दिला. पण शर्ट निघाला नाही. मला आधी वाटलं, आठ दिवस चालेल. मे गेला, पाऊस आला, श्रावण आला. सकाळी अंघोळ झाली की साडी नेसायची आणि वरून शर्ट. कुणी आलं की मात्र ती तो काढून नीट पदर घेऊन बसायची. पाहुण्यांपासून लपायला तिला पदर पुरायचा. शर्ट फक्त माझ्यासाठी होता. हे मला समजलं तेव्हा मी एकदा ओरडलेसुद्धा. म्हणाले, घरात आपण दोघीच, कोण बघायला आहे इथं? तिनं माझ्या हातातल्या फोनकडं पाहिलं आणि परात पुढं ओढली. त्या दिवसापासून मी फोन बाहेरच्या खोलीत ठेवून शेडमध्ये जायला लागले. रिकामे हात तिला दिसावेत म्हणून मुद्दाम हात हलवत जायचे. मला तिच्याकडून बाकी काही नको होतं. माझ्यासमोर तो शर्ट तिनं एकदा काढावा, एवढंच.

त्याच दिवसांत परभणीच्या एका महाविद्यालयात मला बोलायला बोलावलं. विषय होता आपल्या शरीराचा स्वीकार. शाल, नारळ, सगळं झालं. मी छान बोलले. मुली हसल्या, दोघी रडल्या. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या आईचा तो भाकरीचा व्हिडिओ आम्ही पाहिला होता. माझी आई फोटोत येतच नाही. तुम्ही तुमच्या आईला कसं तयार केलं?"

मी म्हणाले, "आईशी बोलत राहायचं. हळूहळू पटतं."

टाळ्या पडल्या. गाडीत नारळ मांडीवर घेऊन बसले होते. मधलं मिरखेल स्टेशन गेलं तरी मान वर करता आली नाही.

हिवाळ्याच्या तोंडाला आई आजारी पडली. साखर जुनीच होती, तिनं आता मूत्रपिंडं धरली. पाय सुजले, मग तोंड सुजलं, मग परभणीला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी रजा टाकली. दिवसभर तिच्याजवळ मीच, पण अंग पुसायची वेळ झाली की आई म्हणायची, "सुनेला बोलव." वहिनी पूर्णेहून डबा घेऊन यायची. ती येईपर्यंत आई तशीच थांबायची, चादर हनुवटीपर्यंत ओढून. नर्स म्हणायची, मुलगी आहे ना इथं, मग? आई नुसती मान हलवायची. पडदा ओढला जायचा आणि मी बाहेर बाकावर. आतून पाण्याचा आवाज यायचा, वहिनीचं "आत्या, हात वर करा" यायचं. वहिनी सासूला आत्या म्हणते. मी सगळ्या जगाला शरीराविषयी सांगणारी, आणि माझ्या आईचा हात कुठवर वर होतो हे मला पडद्याबाहेरून ऐकावं लागत होतं.

एका दुपारी ती जरा शुद्धीत, बोलती होती. मी तिचे पाय दाबत होते, चादरीवरून.

"आई, माझं चुकलं," मी म्हणाले.

"असू दे माय." मग थोड्या वेळानं, "काढलंस नव्हं ते?"

तेव्हा सांगता आलं असतं. फोन पिशवीत होता, हाताच्या अंतरावर. तिच्यासमोर काढून टाकता आलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे आधी खोटं बोलले होते हे सांगायला हवं होतं, आणि त्या सुजलेल्या तोंडाकडं बघून माझं धाडस झालं नाही.

"काढलं," मी म्हणाले. दुसऱ्यांदा.

त्यानंतर पाचसहा दिवसांत ती गेली. पूर्णेला आणलं. शेवटची अंघोळ वहिनीनं आणि गल्लीतल्या बायांनी घातली. मी आत गेले नाही. मला कुणी अडवलं नव्हतं, पण मला आत जाता येईना. अंगणात बादल्या भरून देत राहिले.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फोटोचा प्रश्न आला. भंतेजी येणार, वंदना होणार, समोर फोटो नको का? भाऊ म्हणाला, आधार कार्डावरचा मोठा करून आणतो. तेव्हा वहिनी उठली, तिच्या घरी गेली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फ्रेम घेऊन आली. म्हणाली, आत्यांनी दिवाळीच्या आधीच करून ठेवलाय, पेन्शनच्या कागदाला फोटो काढायला गेल्या होत्या तेव्हा. माझ्याकडं दिला ठेवायला.

आमच्या भागात गेलेल्या माणसाचा फोटो बहुतेक असाच होतो. चेहरा त्याचा घ्यायचा आणि स्टुडिओतल्या कॉम्प्युटरमधलं तयार अंग लावायचं. पुरुषाला कोट, बाईला भारी साडी. आईनं ते जिवंतपणी जाऊन, संगणकासमोर बसून स्वतः निवडलं होतं. निळ्या काठाची पांढरी शुभ्र साडी. अरुंद खांदे, बारीक कंबर, जोडलेले लांब बोटांचे हात. मागं गुलाबी फुलांची बाग. चेहरा आईचाच, दोन छटा उजळ केलेला. मानेपाशी जोड कळत होता.

"ही कोण बाई आहे?" मी ओरडले. "हे अंग आईचं नाही. मी हे लावू देणार नाही."

"मग दुसरा फोटो हाय का आपल्याकडं?" भाऊ म्हणाला.

"माझ्याकडं खरी आई आहे," मी म्हणाले आणि रागाच्या भरात फोन काढला.

बोलून गेले आणि मग लक्षात आलं. भाऊ माझ्याकडं बघत राहिला. "तू तं काढून टाकलं व्हतं ना?"

वहिनी खाली बसली. ती कधी चढ्या आवाजात बोलत नाही, तेव्हाही बोलली नाही.

"आत्या मला दर आठ-पंधरा दिवसाला म्हणायच्या, बघ गं, हाय का अजून ते? मी तुमचं पान उघडून बघायचे. न्हाई म्हणायचे. दवाखान्यातबी बघायला लावलं दोनदा. शेवटच्या बारीला म्हणल्या, पोरगी शब्दाची हाय माझी. घरी गेल्यावर तो शर्ट धुऊन कुणाला तरी देऊन टाक, म्हणल्या."

जे मी सहा महिने मागत होते ते तिनं मला दिलं होतं, आणि ते माझ्या खोट्याच्या भरवशावर दिलं होतं.

भावानं फ्रेम उचलली आणि भिंतीपाशी नेली. खिळा ठोकायला मीच हातोडी दिली.

कार्यक्रम झाला. लोक आले, पांढऱ्या साड्या, त्रिशरण, पंचशील, जेवणं. दोघीतिघी फोटोकडं बघून म्हणाल्या, किती छान दिसतेत. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी भांडी आवरायला आली तेव्हा मी तिला शेडमध्ये बोलावलं आणि फोन उघडला. तिच्यासमोर करायचं होतं, म्हणजे यावेळी तरी मला पळवाट राहणार नाही.

लपवलेल्या गोष्टींत तो होता. एका लहानशा चौकोनात आई, जाळ, परात. वहिनी वाकली.

"ताई, एकदा बघू तरी. त्यांचा आवाज तरी ऐकू," ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे. तिनंही माझ्यासारखीच आई गमावली होती, आणि तिनं ती जास्त नीट सांभाळली होती.

मला स्वतःलाही बघायचा होता. किती बघायचा होता ते मला सांगता येणार नाही. पण मी नको म्हणाले. कायमचं काढायचं का, असं फोननं विचारलं. हो म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा हो म्हटलं. चौकोन गेला.

आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो. चूल गार होती. मला एकाएकी भीती वाटायला लागली की भाकरी थापताना आईचा दंड कसा हलायचा ते मी विसरतेय, आत्ताच, या घटकेला. भिंतीवरची बाई मला ते सांगणार नव्हती. म्हणून मी वहिनीला विचारलं, "शेवटी तू अंघोळ घातलीस तेव्हा कशी होती गं ती? वाळली होती का? दंड तसेच होते का तिचे?"

वहिनीनं पदरानं डोळे पुसले. माझा हात धरला.

"ते नका इचारू ताई," ती म्हणाली. "आत्याला आवडलं नसतं."